राखणदार अट डावीकडे

सोसायटीच्या देखभाल वर्गणीचा हिशेब मी एक्सेलच्या मॅक्रोवर ठेवते. यादीत फ्लॅट नंबर शोधायचा. तो सापडला आणि थकबाकी शून्याहून जास्त असेल, तर आठवणपत्र काढायचं. दोन्ही अटी मी एकाच इफमध्ये अँडने जोडल्या होत्या. एक नंबर यादीत नव्हता आणि मॅक्रो एरर ९१ देऊन थांबला.

व्हीबीए, म्हणजे एक्सेल मॅक्रोची भाषा; तिच्यातला अँड डावी अट खोटी ठरली तरी उजवी तपासतोच. जो सेल सापडलाच नाही त्याची रक्कम वाचायला गेलं की अडकणारच. म्हणून इथे इफच्या आत इफ लिहा: बाहेर ‘सापडला का’, आत ‘थकबाकी आहे का’. व्हीबी डॉट नेट या भाषेत असाल तर अँडऑल्सो आहे, तो डावी अट खोटी निघताच थांबतो; तो वापरा.

सी, जावा, जावास्क्रिप्टमधला && (‘आणि’) मात्र डावी अट खोटी निघताच थांबतो आणि || (‘किंवा’) डावी खरी निघताच. पायथनचे अँड-ऑरही तसेच. तिथे राखणदार अट, म्हणजे पुढची अट तपासणं सुरक्षित आहे का ते पाहणारी, डावीकडे ठेवा: आधी ‘भाजक शून्य नाही ना’, मग भागाकार. क्रम उलटला की राखण संपली. जावात अशा अटीत एकच & टाइप झाला तरी प्रोग्राम कंपाइल होतो, पण दोन्ही बाजू तपासल्या जातात. कोड वाचताना ही चूक मी मुद्दाम शोधते, कारण ती सहज नजरेतून सुटते.

आणि या भाषांत अँडच्या उजवीकडे नोंद सेव्ह करणारं फंक्शन ठेवू नका. डावी अट खोटी असेल तेव्हा ते चालणारच नाही. ते आधीच्या ओळीत चालवा, निकाल व्हेरिएबलमध्ये घ्या.