फोर्स फीडबॅक जॉयस्टिकची थरथर कशी थांबवली

फ्लाइट सिम्युलेटरला फोर्स फीडबॅक जॉयस्टिक (मोटरच्या साहाय्याने दांड्यातून हाताला जोर जाणवून देणारी) जोडल्यावर दोन अडचणी आल्या: दांड्यातला जोर मध्येच नाहीसा होई, आणि विमानाचा वेग वाढला की हात सोडलेला दांडा मध्यबिंदूभोवती थरथरू लागे. पहिलीचे कारण लवकर सापडले. डायरेक्टइनपुटमध्ये (विंडोजमधली जॉयस्टिकसारखी उपकरणे हाताळणारी सोय) जोर देणाऱ्या प्रोग्रॅमला उपकरणाचा एकट्याने ताबा लागतो आणि माझ्याकडे सिम्युलेटर आणि जोर देणारा वेगळा प्रोग्रॅम असे दोघेही तो मागत होते. सिम्युलेटरमधला फोर्स फीडबॅकचा पर्याय बंद करताच प्रश्न मिटला.

थरथरीने मात्र बराच विचार करायला लावला. दांड्याची जागा वाचून, जोर ठरवून तो मोटरपर्यंत पोहोचेपर्यंत किंचित विलंब होतो. मोटर स्प्रिंगसारखा जो जोर देते, तो विमानाच्या वेगाबरोबर वाढतो. तो फार झाला, तर दांडा मध्यबिंदू ओलांडून गेल्यावरच उलटा धक्का बसतो आणि हे चक्र चालूच राहते. म्हणून स्प्रिंग थोडी थोडी सैल केली आणि दांड्याच्या गतीला विरोध करणारे डॅम्पिंग वाढवत नेले. ते अती झाले की दांडा चिखलात रुतल्यासारखा जड होतो. त्याच्या अलीकडेच थांबलो. आता ट्रिमचे चाक (दांडा सतत धरून ठेवावा लागू नये म्हणून असलेले) फिरवताना मध्यबिंदूच सरकतो आणि बोटांवरचा भार हळूहळू उतरत जातो, जे साध्या स्प्रिंगच्या जॉयस्टिकवर कधीच जाणवत नाही.