फोर व्हील लागत नाही? मोटर बदलायच्या आधी करंट कुठं अडला ते शोधा

पांढरकवड्याहून आमच्या वावराकडे जाणारी पांदण आषाढात पाय ठेवू देत नाही. काळी माती चाकाला अशी धरते की चाक दिसतच नाही. त्याच पांदणीत माझ्या २००७ सालच्या गाडीचं फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारी सोय, लागेनासं झालं. मागं युरियाच्या आठ गोण्या. शेवटी बैलं जुंपून गाडी काढली. गॅरेजवाल्यानं तर सरळ फोर व्हील लावणारी मोटर बदलायला सांगितली. मोटर चांगली होती, खोट अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या, जोडात होती.

लिव्हर ओढून फोर व्हील लावायच्या जिपांचं हे दुखणं नाही. ज्या गाड्यांत स्विच फिरवतात, तिथं कंट्रोल युनिट (फोर व्हील सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) ट्रान्सफर केसवरच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणाऱ्या गिअरपेटीवरच्या, मोटरला करंट देतं, मोटर आतला गिअर सरकवते आणि तो कुठं पोचला ते मोटरमधला सेन्सर युनिटला कळवतो.

आधी चाकांना दगड लावा. चावी ऑन करून कोणाला तरी स्विच फिरवायला सांगा आणि तुम्ही गाडीखाली कान द्या. मोटरचा कुर्र आवाज येत असेल आणि तरी पुढची चाकं ओढत नसतील, तर काम बहुधा हब (पुढच्या चाकाचा जोड) किंवा गिअरचं आहे. आवाजच नसेल तर पुढं वाचा. फोर लो (जास्त ताकदीचं, हळू चालीचं फोर व्हील) मात्र गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून किंवा न्यूट्रलमध्येच लागतं. कित्येक जण यालाच बिघाड समजतात.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेली तर आधी तिचंच बघा. फ्यूज डोळ्यांनी पाहू नका, मीटर लावून दोन्ही टोकं तपासा. नवा टाकाल तो तेवढ्याच अँपिअरचा. तार गुंडाळून काम भागवलं तर हार्नेस (वायरींचा जुडगा) जळतो. रिलेवर (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) शंका असेल तर त्याच नंबरचा दुसरा लावून पाहा.

आता खरी गोष्ट. वायरचे बारीक तार तुटून एकच उरला, तरी मीटर १२ व्होल्टच दाखवतो. मी इथंच फसलो होतो. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून ठेवा. मोटरचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढा, बल्ब त्याच्या जाड वायरींच्या पिनांवर लावा आणि स्विच फिरवायला सांगा. युनिट करंट थोडाच वेळ देतं, तेव्हा नजर बल्बवरच ठेवा. मिणमिणला तर वायरीत किंवा अर्थमध्ये खोट आहे. मग कपलर परत लावा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं युनिटच्या अर्थला धरा. मोटर ओढत असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थचा बोल्ट उघडा, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा आणि घट्ट आवळा. माझी गाडी एवढ्यावर चालू झाली.

आमच्याकडे वायरी कुठं मरतात ते ठरलेलं आहे. तुरीच्या हंगामात गाडी गोदामात उभी राहते, उंदीर हार्नेस कुरतडतात. मे महिन्याच्या उन्हात जुनं इन्सुलेशन तडकतं. कपलरमध्ये गेलेला चिखल वाळतो, पिनांवर हिरवा चुना चढतो. वायर हलवत हलवत बल्ब पाहा, जिथं लुकलुकेल तिथंच तुटली आहे. गाडी धुताना पाण्याची धार कपलरवर मारू नका.

बल्ब लख्ख लागला, तरच मोटरवर या. कपलर काढून, मध्ये फ्यूज घालून बॅटरीचा करंट मोटरकडच्या जाड वायरींना क्षणभर टेकवा, मग उलटा टेकवा. दोन्ही बाजूंना हलली तर मोटर ठीक. बारीक वायरी सेन्सरच्या असतात, त्यांना १२ व्होल्ट लावलेत तर सेन्सर गेलाच समजा.

दुरुस्तीनंतरची चाचणी वावरात करा, डांबरी रस्त्यावर नको. तिथं फोर व्हील अडकून बसतं. टू व्हीलला परत टाकलं आणि डॅशबोर्डवरचा फोर व्हीलचा दिवा गेला नाही, तर गाडी चार-पाच हात रिव्हर्स घ्या, गिअर सुटतो.