वृत्तछायाचित्रणाचा अंतिम प्रकल्प: विषयनिवडीपासून प्रदर्शनापर्यंत

अंतिम प्रकल्पाचा विषय ठरवताना तो किती वेगळा आहे यापेक्षा तेथे वारंवार जाता येईल का, हे आधी पाहावे. गोव्यातला कार्निव्हल वर्षातून एकदाच येतो आणि त्या दिवशी रस्त्यावर माणसांइतकेच कॅमेरे असतात. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मात्र दर आठवड्याला भरतो. मुंबईच्या सफाई कामगारांचे जगणे टिपणारे, 2016 साली पद्मश्रीने गौरवले गेलेले सुधारक ओलवे यांचे काम विद्यार्थ्यांनी या दृष्टीने अवश्य पाहावे, कारण तेथे प्रकाश आणि चौकटीइतकाच सहवास बोलतो.

विषय ठरल्यावर वेळापत्रक त्या विषयाच्या घड्याळाप्रमाणे आखावे. समजा, रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाऊन खाजन शेतीतील (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतीतील) मानशीवर, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर जाऊ देणाऱ्या झडपेवर, काम करायचे आहे. मानशीची लाकडी दारे ओहोटीला उघडतात आणि भरतीच्या दाबाने मिटतात, तर मासे पकडण्याची जाळी पाणी बाहेर पडताना लावली जातात. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून ठरावीक तासाला जाण्याऐवजी भरतीचे कोष्टक पाहून निघावे, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे दिवस मुद्दाम राखून ठेवावेत, कारण बांधावरचा ताण तेव्हाच डोळ्यांना दिसतो. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहिला तरी चालेल. आपण कोण, छायाचित्रे कोठे दाखवली जाणार आणि नको असल्यास नकार देता येतो, हे समोरच्या माणसाला त्याच्या भाषेत सांगावे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी. गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे.

रोजची छायाचित्रे त्याच रात्री दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून एक प्रत घराऐवजी दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि गोव्याच्या दमट हवेत भिंगांना बुरशी लागू नये म्हणून ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावीत.

खरी कसोटी निवडीची असते. पोस्टकार्डाएवढ्या स्वस्त प्रती काढून त्या जमिनीवर मांडाव्यात आणि त्यांतून 10 ते 12 वेगळ्या काढाव्यात. एकच गोष्ट सांगणारी दोन छायाचित्रे असतील तर त्यांतील अधिक देखणे नव्हे, तर अधिक माहिती देणारे ठेवावे. जागेची ओळख करून देणारे दूरचे दृश्य, काम करणारे हात, दोन माणसांमधील व्यवहार आणि एखादे शांत व्यक्तिचित्र असा मेळ साधला की मालिका स्वतःच्या पायावर उभी राहते. उजेड-अंधार आणि रंग यांचा समतोल साधण्यास हरकत नाही. परंतु चौकटीतील विजेची तार किंवा नको असलेला माणूस पुसून टाकला की ते वृत्तछायाचित्र राहत नाही, आणि या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये.

छायाचित्राखालच्या ओळींना विद्यार्थी सर्वांत कमी वेळ देतात, हे मला फार खटकते. ‘परंपरेचा श्वास’ असे लिहिल्याने वाचकाला काहीच कळत नाही. ‘ओहोटी लागल्यावर मानशीच्या तोंडाशी जाळे बांधणारे मच्छीमार, चोडण, तिसवाडी’ एवढे लिहून पुढे त्यांचे नाव, तारीख आणि दुसऱ्या वाक्यात या कामाचे कारण द्यावे. नावाचे लेखन त्या व्यक्तीकडूनच तपासून घ्यावे. हीच माहिती फाइलच्या मेटाडेटामध्येही, म्हणजे फाइलसोबत साठवल्या जाणाऱ्या तपशिलातही, भरावी. मात्र अनेक समाजमाध्यमे ती काढून टाकतात, म्हणून तेथे टाकताना ओळी पुन्हा लिहाव्या लागतात.

प्रदर्शनासाठी 12 बाय 18 इंचांची प्रत 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) छापायची तर 3600 बाय 5400 पिक्सेल लागतात. 24 मेगापिक्सेलच्या न कापलेल्या छायाचित्राला हे सहज पेलते. महाविद्यालयातील सादरीकरणापूर्वी मालिका गावातच, पंचायतीच्या सभागृहात किंवा देवळाच्या मंडपात मांडावी. ओळी मराठीसोबत कोकणीतही द्याव्यात, आणि तिसवाडीतील अनेक ख्रिस्ती कुटुंबे कोकणी रोमी (रोमन) लिपीत वाचतात, याचे भान ठेवावे. तेथे दाखवलेली चूक सुधारूनच अंतिम प्रती छापाव्यात. आंतरजालावर देण्यासाठी लांब बाजू 2048 पिक्सेलची ठेवलेली प्रत पुरते. मूळ फाइल स्वतःकडे राखावी आणि वृत्तपत्राने मागितल्यास वापराच्या अटी लेखी ठरवूनच ती पाठवावी.