किल्ली सोडली की इंजिन गप्प

मिनेसोटात मित्राबरोबर भागीत घेतलेली आमची स्की-बोट १९७८ची. व्ही-८ इंजिन, इग्निशन अजून पॉइंट्सवालं (म्हणजे ठिणगीसाठी उघडमीट करणारे धातूचे संपर्क). यंदा नवंच नाटक: स्टार्टर फिरतोय तोवर इंजिन धडधडायचं, किल्ली सोडली की बंद. मी घाईघाईत कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टची वीज बनवणारा भाग) बदलली. पैसे पाण्यात, अक्षरशः!

खरं तर लक्षणातच उत्तर होतं. स्टार्ट करताना कॉइलला बॅटरीची वीज थेट मिळते; किल्ली सोडल्यावर ती बॅलास्ट रेझिस्टरमधून (व्होल्टेज कमी करणारा रोधक) येते. म्हणजे बिघाड या दुसऱ्या वाटेवर. आधी ब्लोअर (इंजिनपाशी साचलेली हवा बाहेर फेकणारा पंखा) चार-पाच मिनिटं चालवून पेट्रोलची वाफ घालवली (हे विसरू नका, ठिणगी पडली तर बोटच उडेल), मग मल्टिमीटर लावला. पॉइंट्स मिटलेले असताना कॉइलच्या प्लसवर ६ ते ९ व्होल्ट हवेत. दिसले जेमतेम २. रेझिस्टरच्या अलीकडे, म्हणजे किल्लीच्या बाजूला, १२ च्या जागी ४!

किल्लीकडून येणाऱ्या जांभळ्या वायरचा माग काढत इंजिनवरच्या गोल प्लगपाशी पोचलो. आतली एक पिन गंजून हिरवीगार. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओलावा रोखणारं). पुन्हा मोजलं तर कॉइलवर ६ च्या वर. इंजिन लगेच सुरू झालं, किल्ली सोडूनही चालू राहिलं. जुनी कॉइल आता जादा म्हणून बोटीतच पडून आहे.