पायथनमध्ये फंक्शन लिहिणे आणि वापरणे

पायथन ही प्रोग्राम लिहिण्याची एक भाषा आहे. एकच हिशेब प्रोग्राममध्ये दुसऱ्या-तिसऱ्यांदा लिहिण्याची वेळ आली, की त्याचे फंक्शन करावे. फंक्शन म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा. तो एकदा लिहून ठेवायचा आणि लागेल तेव्हा नावाने बोलवायचा. सेल्सिअस तापमानाचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर करणारे फंक्शन असे दिसते:

डेफ फॅरनहाइट(अंश):
    रिटर्न अंश * 9 / 5 + 32

डेफ (def), रिटर्न (return), प्रिंट (print) हे पायथनचे ठरलेले शब्द येथे देवनागरीत दिले असले, तरी संगणकावर ते रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टाइप करावे लागतात. नावांना मात्र तसे बंधन नाही. 2008 साली आलेल्या पायथन 3.0 पासून फंक्शनचे किंवा व्हेरिएबलचे, म्हणजे मूल्य साठवण्याच्या जागेचे, नाव देवनागरीत ठेवता येते. फक्त मराठी कीबोर्ड चालू असताना ओळीच्या शेवटी कोलनऐवजी विसर्ग पडणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण दोन्ही दिसायला सारखे असले तरी विसर्ग पडल्यास पायथन सिंटॅक्स एरर (लिहिण्याचा नियम मोडल्याची चूक) देतो आणि चूक डोळ्यांना लवकर सापडत नाही. दुसरी ओळ चार स्पेस आत सरकवलेली आहे. फंक्शनमध्ये कोणत्या ओळी येतात हे पायथनला या मोकळ्या जागेवरूनच कळते.

एवढे लिहून प्रोग्राम चालवला तर पडद्यावर काहीच दिसत नाही. डेफमुळे फंक्शन केवळ तयार होते. आतला हिशेब सुरू होतो तो फॅरनहाइट(100) असे लिहून त्याला कॉल केल्यावर. कंसातले 100 हे अंश या पॅरामीटरमध्ये, म्हणजे बाहेरून येणारे मूल्य घेणाऱ्या नावात, जाते आणि 212.0 हे उत्तर परत येते. कंस रिकामा ठेवल्यास टाइप एरर (चुकीच्या प्रकारे वापर केल्याची चूक) येते. अंश हे नाव फंक्शनच्या आतच ओळखले जाते, त्यामुळे प्रोग्राममध्ये इतरत्र त्याच नावाचे व्हेरिएबल असले तरी त्याला धक्का लागत नाही.

नवशिक्यांचा सर्वांत जास्त गोंधळ होतो तो रिटर्न आणि प्रिंट यांत. वरच्या फंक्शनमध्ये रिटर्नच्या ओळीच्या जागी प्रिंट(अंश * 9 / 5 + 32) असे लिहून पाहावे. फॅरनहाइट(100) लिहिल्यावर पडद्यावर 212.0 दिसते, म्हणून सारे ठीक चालले आहे असे वाटते. आता फॅरनहाइट(100) - फॅरनहाइट(0) ही वजाबाकी करून पाहावी. रिटर्न असताना तिचे उत्तर 180.0 येते, प्रिंट असताना मात्र 212.0 आणि 32.0 हे दोन्ही आकडे पडद्यावर उमटतात आणि पाठोपाठ टाइप एरर येते. प्रिंट आकडा फक्त दाखवतो, परत देत नाही, आणि रिटर्न नसलेले फंक्शन ‘नन’ (None) म्हणजे ‘काहीही नाही’ हे मूल्य परत देते. ‘नन’मधून ‘नन’ वजा होत नाही. म्हणून हिशेब करणाऱ्या फंक्शनने उत्तर रिटर्न करावे आणि ते छापायचे की नाही हे कॉल करणाऱ्यावर सोडावे, हे बरे.

पॅरामीटरला डीफॉल्ट, म्हणजे कॉलमध्ये काही न दिल्यास वापरायचे, मूल्यही देता येते. पहिल्या ओळीतील कंसात अंश=0 असे लिहिले, तर रिकाम्या कंसाने केलेला कॉलही चालतो आणि 32.0 परत येते. डीफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट (वस्तूंची यादी) मात्र देऊ नये. ती प्रत्येक कॉलला नव्याने तयार होत नाही, डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच होते. त्यामुळे पहिल्या कॉलमध्ये तिच्यात घातलेली वस्तू दुसऱ्या कॉललाही तिथेच असते. अशा ठिकाणी डीफॉल्ट ‘नन’ ठेवावे आणि नवी लिस्ट फंक्शनच्या आत तयार करावी.