चढताना तापणारं इंजिन

माझ्या घरी बांधलेल्या विमानात गाडीचं इंजिन आहे, पाण्याने थंड होणारं. जमिनीवर मंद फिरवलं की काटा शांत. चढाई सुरू केली की चार मिनिटांत पाणी ११० अंशांवर.

आधी मोठा रेडिएटर बसवला. वजन वाढलं, ताप तसाच. (दोन महिने गेले ते वेगळेच.) मग उजेड पडला: रस्त्यावर एका चालीने धावताना गाडीला इंजिनाची थोडीच ताकद लागते, विमानात चढताना जवळपास सगळी. त्यात वेग कमी, म्हणून वाराही कमी.

रेडिएटरभोवती लोकरीचे धागे चिकटवून कॅमेरा लावला. बरीचशी हवा जाळीतून न जाता कडेच्या फटींतून पळत होती! हवा रेडिएटरपर्यंत नेणारा पत्र्याचा डक्ट (बंद मार्ग) केला. तोंड लहान, पुढे हळूहळू रुंद, म्हणजे हवेचा वेग उतरून दाब वाढतो. फटी बुजवल्या. हवा बाहेर पडते तिथे काउलिंगखाली (इंजिनावरच्या आवरणाखाली) ओठासारखी पट्टी लावली, तिच्यामागे दाब कमी राहतो, म्हणून हवा बाहेर ओढली जाते. शिवाय सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) सर्वांत उंच जागेवरून बारीक नळी पाण्याच्या टाकीकडे नेली, पाण्यात अडकलेली हवा निघून गेली.

आता जुनाच लहान रेडिएटर आहे. पूर्ण चढाईत ९५.