मायकोरायझा वापरताय? मग डीएपी जरा हात राखून टाका

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूरकडच्या शेतकरी मंडळींनो, मृग तोंडावर आलाय, दुकानात मायकोरायझाची, म्हणजे पिकाच्या मुळांशी जोडून राहणाऱ्या बुरशीची, पाकिटं दिसायला लागलीत, तर घ्यायच्या आधी एवढं ध्यानात घ्या, ही बुरशी हवेतला नत्र धरत नाही. ते काम सोयाबीन-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठीतल्या रायझोबियम जिवाणूंचं. "हे टाका, युरिया बंद करा" असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका.

बुरशी करते ती नत्राची वाहतूक. तिचे बारीक धागे मुळं पोचत नाहीत तिथं जाऊन नायट्रेट, अमोनियम ही मातीतल्या नत्राची रूपं उचलतात, नायट्रेट असेल तर नायट्रेट रिडक्टेस हे एन्झाइम त्याच्यावर पहिलं काम करतं, पुढं अमोनियम झाला की ग्लुटामाइन सिंथेटेज हे दुसरं एन्झाइम तो बांधून घेतं, त्याचं शेवटी आर्जिनिन हे अमिनो आम्ल होतं आणि ते धाग्यातनं मुळात येतं. तिथं बुरशीचंच आर्जिनेज एन्झाइम त्यातनं युरिया काढतं, युरिएज एन्झाइम तो फोडून अमोनियम मोकळा करतं आणि तो पिकाला मिळतो. आपण पोत्यातनं टाकतो तोच युरिया बुरशीच्या आतपण तयार होतो, मला तर हे लई भारी वाटतं.

पण रानात नत्रच नसला तर ती आणणार कुठनं? म्हणून शेणखत द्याच, आणि युरिया एकदम न ओतता हप्त्यानं द्या.

डीएपीचं मात्र बघा, त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असतो, आणि स्फुरद भरपूर मिळाला की पीक बुरशीला आपल्या मुळांमध्ये फारसं घेतच नाही, म्हणजे पाकिटाचे पैसे पाण्यात. त्यासाठी आधी शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात विचारून माती तपासून घ्या, आणि मगच डोस ठरवा.

मिरची, तंबाखूचं तरू टाकताना गादीवाफ्यातच मिसळा, उसाला सरीत कांडीखाली द्या, वरनं फेकून उपयोग नाही, मुळाला लागली पाहिजे. त्याच वेळी कार्बेन्डाझिमची आळवणी नको, ते बुरशीनाशक हिलापण मारतं.

कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट यांच्या मुळात ही बुरशी जमत नाही, तिथं खर्च करू नका. कोबी काढलेल्या रानात पुढं मका, जोंधळा नाहीतर रताळी घ्या आणि पाकीट त्या पिकाला वापरा.